दिवसा टॅली, रात्री व्हॅलोरंट

लॅपटॉपच्या दुकानात काउंटरवर हल्ली एकच मागणी वेगवेगळ्या तोंडांनी ऐकू येते. ‘‘टॅली चालली पाहिजे, जीएसटीचं काम आहे, थोडंफार ड्रॉइंग उघडावं लागतं, अन् पोरगं कधीमधी गेम खेळतं. साठ-सत्तर हजारात बसवा भाऊ.’’ यातला ‘गेम’ हा शब्द कानावर पडला की विक्रेत्याचा हात ठरलेल्या फळीकडे जातो. तिथे रंगीत दिव्यांच्या कीबोर्डचे, दणकट दिसणारे गेमिंग लॅपटॉप मांडलेले असतात. वर्षातले तीनशे दिवस जे काम करायचे ते मागे पडते आणि महिन्यातून चार रात्री जे होणार त्यावर सौदा ठरतो.

धंद्याच्या यंत्रावर खेळ खेळण्यात गैर काहीच नाही. छोट्या व्यावसायिकाच्या घरात दोन लॅपटॉप परवडत नाहीत आणि दिवसभर बिले फाडून थकलेल्या मालकालाही रात्री तासभर विरंगुळा हवा असतो. प्रश्न फक्त क्रमाचा आहे. वेगळे ग्राफिक्स कार्ड घ्यायचे की नाही, हे पोराच्या खेळावरून न ठरवता घरच्या धंद्यावरून ठरवावे. तसे केले तर अनेकांचे पंधरा-वीस हजार वाचतील आणि ज्यांना ते कार्ड खरेच हवे त्यांना ते निर्धास्तपणे घेता येईल.

छत्रपती संभाजीनगरात हा फरक नकाशावरच दिसतो. एकीकडे वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, चितेगाव. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग बनवणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांची दाट वस्ती उभी राहिली. ऑरिक या औद्योगिक वसाहतीत बिडकीनला एथर एनर्जीसारख्या विजेच्या दुचाकी बनवणाऱ्या कंपनीने २०२४ मध्ये प्रकल्प जाहीर केला, तेव्हा या पुरवठादारांच्या टेबलावर येणाऱ्या ड्रॉइंगची संख्या वाढणारच. दुसरीकडे गुलमंडी, औरंगपुरा, पैठण गेट, टीव्ही सेंटर आणि जाधववाडीचा बाजार. इथला धंदा वह्यांचा. माल आला, माल गेला, उधारी किती, जीएसटी किती. दोघेही ‘स्मॉल बिझनेस’. पण एकाला जो लॅपटॉप लागतो तो दुसऱ्याच्या गळ्यात मारणे म्हणजे नुकसान.

आधी वहीवाल्यांचे पाहू. टॅलीप्राइमला फार मोठे यंत्र लागत नाही. मात्र ते विंडोजवरच चालते. मॅकबुकवर थेट बसत नाही, एवढे आधी कळलेले बरे. खरी ओढाताण टॅलीच्या शेजारी जे उघडे असते त्याची होते. ब्राउझरमध्ये जीएसटीचे पोर्टल, ई-वे बिलाची खिडकी, बँकेचे खाते, व्हॉट्सअॅप वेब, मागे एक्सेलची जाडजूड फाइल आणि अँटिव्हायरस. विंडोज स्वतःच तीन-चार जीबी मेमरी खाऊन बसते. त्यामुळे ८ जीबी रॅमचे यंत्र ११ तारखेच्या जीएसटीआर-१ला आणि २० तारखेच्या ३बीला हमखास धापा टाकते. आज धंद्यासाठी १६ जीबी हा किमान आकडा धरावा.

‘आता ८ घेऊ, पुढे वाढवू’ हा हिशेबही पूर्वीसारखा सोपा राहिलेला नाही. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवरच डकवलेली असते, ती वाढत नाही. जिथे जागा आहे तिथेही भाव आडवा येतो. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप उचलायला सुरुवात केल्यावर २०२५च्या अखेरीस रॅमचे दर भडकले आणि मायक्रॉनने तर त्या डिसेंबरात ‘क्रुशिअल’ हा सर्वसामान्य ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करण्याची घोषणा केली.

मग येतो कीबोर्ड, ज्याकडे दुकानात कुणी बघत नाही. टॅलीत पेमेंटला एफ५, रिसिटला एफ६, सेल्सला एफ८, पर्चेसला एफ९. मुरलेला अकाउंटंट या कळा न बघता मारतो. नव्या लॅपटॉपवर त्याच कळांना आवाज, उजेड, माइक असली कामे लावलेली असतात. एफ८ दाबावी, तर सेल्सचे व्हाउचर उघडायचे सोडून भलतेच काही होते. अनेक लॅपटॉपांत एफएन आणि एस्केप एकदम दाबले की कळा मूळ कामाला लागतात, काहींत बायोसमध्ये जाऊन ते बदलावे लागते. पण हे विकत घेण्याआधी करून पाहावे. आकड्यांच्या वेगळ्या पट्टीचेही तसेच. १५.६ इंची लॅपटॉपवर ती बहुधा असते, १४ इंचीवर नसते. दिवसाला दीडशे बिले टाकणाऱ्या माणसाचा उजवा हात त्या पट्टीवर बसलेला असतो. ती नसेल तर यूएसबीवर लागणारी वेगळी पट्टी थोडक्या पैशांत मिळते, तिचा खर्च आधीच धरावा.

महाटेंडर्स या सरकारी पोर्टलवर निविदा भरणाऱ्यांनी आणि कंपनी म्हणून जीएसटी भरणाऱ्यांनी यूएसबीचे तोंड तपासावे. डिजिटल सहीचे टोकन बहुतेक वेळा जुन्या, चौकोनी यूएसबीचे असते आणि चकचकीत पातळ लॅपटॉपवर ते तोंडच नसते. निविदेची वेळ संपत आलेली असताना कन्व्हर्टर शोधत कॅनॉटच्या बाजारात धावणे परवडत नाही.

पैठणी, हिमरू किंवा तयार कपडे ऑनलाइन विकणाऱ्यांचा प्रश्न आणखी निराळा, तो पडद्याचा. स्वस्त लॅपटॉपच्या माहितीपत्रकात ‘४५ टक्के एनटीएससी’ असे बारीक अक्षरात लिहिलेले असते. याचा अर्थ, त्या पडद्यावर रंग फिके दिसतात. अशा पडद्यावर फोटो बघून रंग ‘नीट’ करताना मालक अंदाजाने ते भडक करतो. गिऱ्हाइकाच्या फोनवर जांभळी पैठणी वेगळीच दिसते आणि पार्सल परत येते. ‘१०० टक्के एसआरजीबी’ लिहिलेला पडदा घेणे हा अशा धंद्यात ग्राफिक्स कार्डापेक्षा किती तरी शहाणपणाचा खर्च आहे. गंमत म्हणजे, कमी किमतीच्या गेमिंग लॅपटॉपांत कार्डावर पैसे गेल्यामुळे काटछाट होते ती नेमकी पडद्यावर.

आता वाळूजकडे वळू. दोन व्हीएमसी मशीन (संगणकावर चालणारी धातुकामाची यंत्रे) टाकून जॉबवर्क करणाऱ्या कारखानदाराकडे ड्रॉइंग ई-मेलने येते, कधी पीडीएफ, कधी ऑटोकॅडची फाइल, कधी थ्रीडी स्टेप फाइल. साध्या टूडी ड्रॉइंगला वेगळे कार्ड लागत नाही. पण सॉलिडवर्क्समध्ये शंभर भागांची असेंब्ली फिरवायची असेल किंवा मास्टरकॅममध्ये टूल कसा फिरेल ते आधी पडद्यावर बघायचे असेल, तर वेगळे कार्ड रोज उपयोगी पडते. सॉलिडवर्क्सची कंपनी अधिकृत मान्यता देते ती महागड्या वर्कस्टेशन कार्डांना. तरीही लहान आणि मध्यम कामे गेमिंगच्या जीफोर्स कार्डावर निभतात. इथे गेमिंग लॅपटॉप हा छानछोकीचा खर्च राहत नाही. दिवसा कार्ड कारखान्यासाठी राबते, रात्री पोरासाठी. आर्किटेक्ट, इंटिरिअरवाले, लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे याच रांगेत बसतात.

अशा कारखान्यांत आणखी एक अडचण असते. जुन्या व्हीएमसीला प्रोग्राम आरएस-२३२ या सिरियल केबलने द्यावा लागतो आणि आजच्या कोणत्याही सामान्य लॅपटॉपवर तो पोर्ट नसतो. चांगल्या प्रतीचा यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर घेऊन तो आपल्या मशीनवर चालतो का, हे पाहिल्याशिवाय जुना लॅपटॉप भंगारात काढू नये. शिवाय शॉपफ्लोरवर कूलंटची वाफ आणि लोखंडाची बारीक धूळ उडत असते. गेमिंग लॅपटॉपचे पंखे भरपूर हवा ओढतात, म्हणजे धूळही भरपूर ओढतात. हे यंत्र ऑफिसच्या काचेमागेच बरे.

प्रोसेसरच्या स्टिकरवर विश्वास ठेवणाऱ्यांची फसगत सगळ्यात जास्त होते. ‘आय-५ आहे ना?’ हा प्रश्न अपुरा आहे. इंटेलच्या नावाच्या शेवटी ‘यू’ असेल तर ते साधारण १५ वॉटवर चालणारे, बॅटरी वाचवणारे यंत्र. ‘एच’ असेल तर त्याहून जास्त वॉटचे, जोरकस आणि जास्त तापणारे. टॅलीवाल्याला यू पुरतो, कॅडवाल्याला एच हवा. एएमडीचा घोळ याहून मोठा. रायझन ७००० मालिकेत चार आकड्यांतला तिसरा आकडा खरी पिढी सांगतो. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७६४०एचएस एकाच फळीवर शेजारी मांडलेले असतात, दोन्हींवर ‘रायझन ५’ लिहिलेले असते. पण पहिल्याच्या पोटात झेन २ ही २०१९ सालातली रचना असते, दुसऱ्याच्या पोटात झेन ४. पहिल्यातली चित्रशक्ती खेळाच्या नावाने जवळपास शून्य, दुसऱ्यातली बऱ्यापैकी. दुकानदार खोटे बोलत नाही, स्टिकर मात्र निम्मेच सांगतो.

खेळाचा प्रश्न आता सोपा होतो, कारण ‘कधीमधी खेळतो’ म्हणणारा माणूस नेमके काय खेळतो हे बघितले की निम्मी गरज विरघळते. आपल्याकडच्या घराघरांत अजून ईएचे ‘क्रिकेट ०७’ चालते. २००६ सालचा हा खेळ आजच्या कुठल्याही लॅपटॉपवर पळतो. पोरांच्या तोंडी असलेला व्हॅलोरंट किमान मागतो ती इंटेल एचडी ४००० ही २०१२च्या प्रोसेसरांतली चित्रशक्ती. ‘जीटीए ५’ पीसीवर २०१५ मध्ये आला. चांगल्या अंगभूत ग्राफिक्सवर, थोडी चकाकी कमी केली की तो खेळता येतो. सहावा भाग कंपनीने जाहीर केला तो प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीजसाठी, तेव्हा त्याच्या नावाने आज लॅपटॉप घेण्यात अर्थ नाही. बीजीएमआय तर मुळात फोनवरचा खेळ. वेगळे कार्ड खरोखर मागतात ते फोर्झा होरायझन ५, सायबरपंक २०७७ यांच्यासारखे खेळ. तेही रोज खेळले जाणार असतील, तर त्याला ‘कधीमधी’ म्हणू नये आणि त्याचा खर्च धंद्याच्या खात्यात टाकू नये.

अंगभूत ग्राफिक्सवर खेळायचे तर एक बारकावा पाळावा लागतो. लॅपटॉपमध्ये १६ जीबीची एकच पट्टी असेल, तर प्रोसेसरला मेमरीचा रस्ता एकेरी मिळतो. ८-८च्या दोन पट्ट्या असतील तर दुपदरी. इंटेलच्या आयरिस एक्सई ग्राफिक्सला दुपदरी रस्ता नसेल, तर ते स्वतःची ओळखसुद्धा नुसते ‘यूएचडी’ अशी दाखवते आणि खेळ अडखळतो. पैसे तेवढेच, रॅमही तेवढीच. फक्त पट्ट्या किती हे विचारले नाही म्हणून चांगले यंत्र अर्ध्या ताकदीने चालते.

ज्यांना वेगळे कार्ड घ्यायचेच आहे त्यांनी नावावर जाऊ नये. आरटीएक्स ४०५० हे एकच नाव ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत वेगवेगळ्या लॅपटॉपांत बसवले जाते. पातळ लॅपटॉपात कोंबलेले कमी वॉटचे ४०५० मोकळ्या, जाड लॅपटॉपमधल्या कार्डापेक्षा बरेच मागे पडते. हा वॉटचा आकडा कंपनीच्या संकेतस्थळावर मिळतो, दुकानातल्या पाटीवर क्वचितच. कार्डाबरोबर सव्वादोन-अडीच किलो वजन, विटेएवढा चार्जर आणि कमी टिकणारी बॅटरी येते, तेही मान्य करून घ्यावे. एप्रिल-मेमध्ये शहराचा पारा चाळिशी ओलांडतो. त्या दिवसांत पत्र्याच्या शेडमधल्या ऑफिसात बसून हे यंत्र आपला वेग स्वतःच कमी करते. त्याला बिघाड म्हणत नाहीत, जीव वाचवणे म्हणतात.

जुना, रिफर्बिश्ड लॅपटॉप घेऊन पैसे वाचवायचा मार्ग चांगला आहे. पण १४ ऑक्टोबर २०२५ नंतर त्याला अट आली. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. कॉर्पोरेट कंपन्यांनी काढून टाकलेले सहाव्या-सातव्या पिढीचे दणकट लॅपटॉप त्यामुळेच बाजारात स्वस्त मिळतात. त्यांवर बँकेचे आणि जीएसटीचे काम करणे धोक्याचे. विंडोज ११वर व्हॅलोरंटही टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट चालू असल्याशिवाय सुरू होत नाही, म्हणजे पोराचाही फायदा नाही.

दुकानात कधीच न निघणारा विषय सुरक्षेचा. धंद्याच्या लॅपटॉपवर खरा धोका खेळाचा नसतो, फुकटच्या खेळाचा असतो. ‘क्रॅक’ केलेला गेम चालवायचा तर अँटिव्हायरस बंद करा, असे त्या फाइलसोबतच लिहिलेले असते, आणि पोरगे ते इमानेइतबारे करते. एसटीओपी किंवा डिजेव्हीयू या नावाने ओळखले जाणारे रॅन्समवेअर अनेक वर्षे मुख्यतः याच वाटेने घरगुती संगणकांत शिरत आले आहे. ते फाइली कुलूपबंद करून खंडणी मागते. ज्या यंत्रावर टॅलीचा डेटा, बँकेचे लॉगिन आणि डिजिटल सहीचे टोकन आहे, तिथे असा पाहुणा आला तर फुकटचा गेम लाखाला पडतो.

यावर उपाय बिनखर्चाचे आहेत. विंडोजमध्ये खेळासाठी वेगळे, बिगर-अॅडमिन खाते काढावे. अॅडमिनचा पासवर्ड मालकाकडेच राहावा. टॅलीचा बॅकअप रोज संध्याकाळी बाहेरच्या ड्राइव्हवर घ्यावा आणि ती ड्राइव्ह काढून कपाटात ठेवावी. जोडलेली ठेवली तर तीही कुलूपबंद होते. टोकन काम झाले की काढून घ्यावे. व्हॅलोरंटचे व्हॅनगार्ड हे खेळातली फसवणूक रोखणारे सॉफ्टवेअर विंडोज सुरू होतानाच, यंत्रणेच्या अगदी आतल्या थरात जागे होते. ते अधिकृत आहे, पण निविदा भरण्याच्या यंत्रावर ते हवे का, याचा निर्णय मालकाने जाणूनबुजून घ्यावा. खेळ विकतच घ्यावेत. सेलमध्ये ते पिझ्झाच्या भावात मिळतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ हा खेळ जगभर नेला, आपल्याच माणसांनी घडवलेली अशी वस्तू क्रॅक करून खेळणे शोभत नाही.

राहिला कर. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. सत्तर हजारांच्या बिलात १०,६७८ रुपये कराचे असतात. बिलावर धंद्याचा जीएसटी क्रमांक असेल आणि व्यापारी कंपोझिशन योजनेत नसेल, तर त्याचे इनपुट क्रेडिट मिळू शकते. इथे ‘कधीमधी गेम’ची गंमत पुन्हा डोके वर काढते : कायद्याने क्रेडिट मिळते ते धंद्यासाठी झालेल्या वापरापुरतेच, खासगी वापराच्या हिश्शाचे सोडून द्यावे लागते. आयकरात संगणकावर ४० टक्के घसारा आहे. मात्र पहिल्या वर्षी वापर १८० दिवसांपेक्षा कमी झाला तर तो निम्मा. म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यानंतर दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेल्या लॅपटॉपवर त्या वर्षी २० टक्केच. अनुमानित नफ्याच्या योजनेत विवरण भरणाऱ्यांना वेगळा घसारा मिळतच नाही. सेलमधली सूट मोजताना आपल्या सीएला एक फोन करणे फुकट पडते.

फ्रिजवर तारे चिकटवणे सक्तीचे आहे, म्हणून गिऱ्हाईक त्याचा वीजखर्च एका नजरेत जोखते. लॅपटॉपच्या पाटीवर मात्र रंगीत विशेषणे असतात. रॅमच्या पट्ट्या किती, त्या बदलता येतात का, कार्ड किती वॉटचे, पडदा किती टक्के रंग दाखवतो आणि दुरुस्तीला माणूस कारखान्यात येणार की मालकाने लॅपटॉप सर्व्हिस सेंटरला न्यायचा, या पाच गोष्टी नसतात. सरकारी नियमाची वाट न पाहता शहरातले विक्रेते ही पाच ओळींची पाटी उद्यापासून लावू शकतात. मासिआ आणि सीएमआयएसारख्या उद्योजकांच्या संघटना त्यांच्याकडे तशी मागणी करू शकतात. दर वर्षी त्यांचे सभासदच हे लॅपटॉप विकत घेतात.

तोवर गिऱ्हाइकाने काउंटरवर दोन मिनिटे काढावीत. मांडून ठेवलेल्या लॅपटॉपवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबले की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्सखाली मेमरीवर टिचकी मारली की रॅमच्या किती खाचा आहेत आणि किती भरल्या आहेत ते दिसते. शेजारीच ग्राफिक्सचे खरे नाव असते. मग एफ८ दाबून पाहावी, टोकन खिशात असेल तर यूएसबीच्या तोंडाला लावून बघावे. एवढे करू द्यायला एखादा दुकानदार कां-कू करू लागला, तर कॅनॉटमध्ये शेजारचे दुकान उघडेच असते.